ऐकल्याशिवाय बाहेर नाही

त्या दिवशी दुपारी फौजदार स्टुडिओत गेली ती अगदी साध्या कामाला. एका डिस्कवरची एक कादंबरी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची, ती पिशवीत टाकायची आणि घरी यायचं. निघताना वहिनींना सांगूनही आली होती, "तासाभरात येते. चहाचं आधण ठेवलंत तरी चालेल." तासाभराच्या कामाला कुणी देवाला नमस्कार करून निघत नाही. तीही निघाली नाही.

फौजदार हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती रेकॉर्डिस्ट. अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून घेऊन ती ध्वनिमुद्रित करणारी एक छोटीशी संस्था होती, तिथं तिचे केस पांढरे झाले. वाचणाऱ्यानं खुर्ची करकरवली, घसा खाकरला किंवा पान उलटताना आवाज केला, की ही काचेपलीकडून अशी काही बघायची की समोरच्याची बोबडी वळायची. म्हणून फौजदार. हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत. तिला ते आतून आवडायचं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि वहिनी म्हणजे तिची थोरली जाऊ. थोरले दीर गेल्यापासून वहिनी हिच्याकडेच राहायच्या. हिचा नवरा नोकरीनिमित्त परगावी, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. म्हणजे घरात दोघीच. जावाजावांचं कधी पटतं का, असं म्हणणाऱ्यांनी या दोघींना स्वयंपाकघरात भांडताना ऐकायला हवं होतं. शेजारीपाजारी टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत. कारण वहिनींचा आवाजच तसा होता. त्यांनी वाण्याची यादी वाचली असती तरी माणूस हातातलं काम टाकून ऐकत बसला असता. संस्थेची निम्मी पुस्तकं त्यांच्याच आवाजात होती.

शेवटी त्यांनी एक भलीमोठी कादंबरी वाचली. शेवटचं प्रकरण वाचताना आवाज घोगरा येत होता. "सर्दी गं," म्हणाल्या. सर्दी नव्हती. पुढच्याच आठवड्यात गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, कुजबुजता येईल. पण वहिनींनी तेही केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. वाढलेलं ताट तसंच परत यायचं. फौजदार एकटीच दोघींच्या वाटचं भांडायची, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

असे कित्येक महिने गेले. आणि मग एके दिवशी सकाळी वहिनी आपणहून उठून बसल्या. हिच्या हातातल्या स्टुडिओच्या किल्ल्यांना हात लावला, एक बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं, आणि तेच बोट कानाला लावलं. मला ऐकव. फौजदारला आणखी काय हवं होतं! "आणते," ती म्हणाली. "ती अख्खी कादंबरी उचलून आणते. आकाश कोसळलं तरी आणते."

पण संस्थेत नवे साहेब आले होते. त्यांनी पुस्तकं वाचणारा एक यंत्राचा आवाज विकत घेतला होता. तो झोपत नाही, खाकरत नाही, मानधन मागत नाही. जुन्या कंप्युटरवर तो चालेना म्हणून आदल्या दिवशी दुरुस्तीवाला येऊन कंप्युटर अपग्रेड करून गेला होता, सगळी नवी सिस्टिम. आता संध्याकाळी येऊन तो जुनी डिस्क पुसणार होता, यंत्राला जागा हवी म्हणून.

"बाकीची पुस्तकं लायब्ररीत गेलीयत," साहेब म्हणाले होते. "ती एक कादंबरी तपासलेली नाही, म्हणजे आपल्या दृष्टीनं ती नाहीच. हवी तर सहाच्या आत उतरवून घ्या. डिस्क मात्र हलवायची नाही."

हे ऐकून फौजदार काय काय बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही.

स्टुडिओ म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एकीला लागून एक. आतली वाचणाऱ्याची: स्टूल, माइक आणि दारावर लाल दिवा. आत कुणी वाचत असलं की तो दिवा लागायचा. बाहेरची खोली रेकॉर्डिस्टची, मध्ये जाड काच. खिडकी एकाही खोलीला नाही. भिंतींना फोम, खाली गालिचा, दार लावलं की बाहेरचं जग संपलं. नवखा माणूस तिथं पाच मिनिटं बसला तर त्याला स्वतःच्याच पोटातले आवाज ऐकू येऊन कसंतरी व्हायचं. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत कायम तिन्हीसांजा.

तिनं कंप्युटर सुरू केला, नवी डिस्क केबलनं जोडली, कादंबरीची पहिली फाइल इकडून तिकडं टाकली आणि हाताची घडी घालून बसली. पडद्यावरची हिरवी पट्टी केसभर सरकली आणि थांबली. मग आणखी केसभर. एरवी इतकी फाइल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उतरायची. तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काय करून ठेवलंयस रे बाबा? तुझ्या अपग्रेडनं डिस्क गोगलगाय झालीय."

"होतं ताई तसं," तो म्हणाला. "नव्या सिस्टिमला जुनी डिस्क ओळखायला वेळ लागतो. केबल बदलून बघा."

तिनं केबल बदलली. मागची जोडणी काढून पुढं लावली. त्यानं सांगितलं म्हणून व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम थांबवला, फाइलींची यादी करत बसणारं काहीबाही बंद केलं, ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, कंप्युटर बंद करून चालू केला आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून टाकली. पट्टी आपली केसभर, केसभर.

"डिस्क काय म्हणते ते बघा," तो म्हणाला. कोणता प्रोग्रॅम डिस्क किती वापरतोय ते दाखवणारा एक तक्ता असतो. तिनं तो उघडला. डिस्क पूर्ण कामात, शंभर टक्के. खाली कोण वापरतंय त्याची नावं यायला हवीत, तिथं कुणीच नाही.

"म्हणजे कोणीतरी वाचतंय तिला," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण कोण ते दाखवत नाही. विचित्रच. तुम्ही दुसरी एखादी फाइल टाकून बघा बरं."

तिनं वहिनींचंच एक जुनं पुस्तक टाकलं. टाकलं आणि उतरलं. दुसरं टाकलं, तेही सटकन गेलं. मग साहेबांनी नमुन्याला ठेवलेला यंत्राचा आवाज टाकला, तर तो इतका झटकन गेला जणू कुणी दार उघडून त्याला बाहेर ढकलला. म्हणजे डिस्क धडधाकट, केबल धडधाकट, नवी सिस्टिमही धडधाकट. बिचाऱ्या अपग्रेडवर उगाच आळ आला होता. अडत होती ती एकच कादंबरी.

"आता मीच येतो सहाला," दुरुस्तीवाला म्हणाला. "तशीही पुसायचीच आहे."

"तुझ्या तोंडात साखर पडो," फौजदार म्हणाली आणि फोन आपटला.

एवढ्यात पहिली फाइल उतरून झाली. तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं ते सहजच. पहिलं प्रकरण ऐकायला किती वेळ लागतो ते फाइलीच्या नावाखाली लिहिलेलं होतं. उतरायलाही नेमका तेवढाच वेळ लागला होता. योगायोग, ती मनाशी म्हणाली. दुसरं प्रकरण छोटं होतं. तिनं ते टाकलं आणि यावेळी घड्याळ हातात धरून बसली. वहिनींनी ते जेवढ्या वेळात वाचलं होतं, बरोबर तेवढ्याच वेळात ते उतरलं. एक श्वासही इकडे तिकडे नाही.

तेव्हा तिला तो वास आला. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा, आणि त्यात मिसळलेला पेपरमिंटच्या गोळीचा. तिनं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. कारण हा वास मास्तरांचा होता.

मास्तरांनी हा स्टुडिओ उभा केला, हिला काम शिकवलं, वहिनींचा आवाज पारखला तोही त्यांनीच. पहिल्या दिवशी वहिनींच्या इतक्या चुका काढल्या की त्या रडत घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः बोलवायला आले. त्यांचा एकच नियम होता. वाचणाऱ्यानं वाचलं म्हणजे पुस्तक झालं असं नाही. दुसऱ्या कुणीतरी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, छापील प्रत समोर ठेवून ऐकायचं. चूक आली की टेबलावर पेन्सिलीचा एक ठोका: टक्. सगळं निर्दोष झालं की मोठ्यानं म्हणायचं, "पास." त्यानंतरच ते रीळ खोलीबाहेर. "ज्याला दिसत नाही त्याला आपण खोटं वाचून दाखवलं, तर तो पडताळणार कुठं?" मास्तर म्हणत. "ऐकल्याशिवाय बाहेर नाही."

मास्तर गेले तेही याच खोलीत, या कोपऱ्यातल्या खुर्चीत. सकाळी फौजदारनंच दार उघडलं होतं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, आणि संपलेलं रीळ नुसतंच फिरत होतं. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. ती खुर्ची कुणी टाकली नाही आणि तिच्यावर कुणी बसलंही नाही. पुढं फौजदार आणि इतर मंडळी नियमानं ऐकत राहिली. वहिनींची कादंबरी तेवढी कुणी ऐकली नाही. वहिनी दवाखान्यात, आणि तो आवाज कानात घेऊन पेन्सिल हातात धरायची हिंमत फौजदारलासुद्धा झाली नव्हती.

म्हणजे सगळ्या पुस्तकांत पास न झालेली तीच एक.

फौजदारनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. मग तिनं तिसरं प्रकरण उतरायला टाकलं, उतरलेली पहिली फाइल लावली आणि हेडफोन कानाला लावला. कित्येक महिन्यांनी वहिनींचा आवाज कानात शिरला आणि तिचे डोळे भरून आले. किती स्वच्छ, किती जवळ! ती ऐकत राहिली. कथेतला मुलगा गाडीतून उतरला, धावत घरी आला, आणि वहिनींनी वाचलं, "काकांनी दार उघडलं."

टक्.

तिनं हेडफोन काढला. खोलीत शांतता. फाइल मागं नेली, पुन्हा लावली. काकांनी दार उघडलं. टक्. आवाज ध्वनिमुद्रणात होता. मग तिनं जुन्या डिस्कवरची मूळ फाइल लावली. तिथं ठोका नव्हता. जे उतरून आलं होतं त्यातच होता. तिनं कपाटातून छापील कादंबरी काढली, पान शोधलं. छापलं होतं: "मामांनी दार उघडलं."

"अरे देवा..." ती पुटपुटली.

कुणी दुसरं असतं तर तिथूनच चपला सोडून पळालं असतं. फौजदारलाही पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. पण ती घाबरली की तिला आधी राग यायचा. ती उठून कोपऱ्यातल्या खुर्चीसमोर उभी राहिली, पदर खोचून.

"मास्तर, तुम्ही आहात का?"

 पेपरमिंटचा वास दाट झाला.

"असाल तर ऐका. एवढी मोठी कादंबरी तुम्ही या चालीनं ऐकत बसलात तर उद्या सकाळ उजाडेल. सहाला तो मेला येऊन सगळं पुसणार आहे. मग काय ऐकाल, कपाळ? ...सोडा ती डिस्क. वहिनी घरी वाट बघतायत."

हिरवी पट्टी केसभर सरकली. तिसरं प्रकरण चाललं होतं.

"ऐकायची शिस्त मलाही आहे. तुम्हीच लावलीत. मी घरी नेऊन ऐकते, वहिनींच्या शेजारी बसून, पुस्तक पुढ्यात घेऊन. एकही काना सोडणार नाही. पण आत्ता सोडा..."

पट्टी केसभर.

तेव्हा तिची नजर काचेकडे गेली. आतल्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला होता. आत कुणी वाचत असलं तरच तो लागतो. आत अंधार होता, स्टूल होतं, माइक होता. कुणीच नव्हतं. तिनं बटण दाबून दिवा बंद केला. दिवा विझला, आणि मागं वळेपर्यंत पुन्हा लागला. शेजारच्या तबकडीतला आवाजाची पातळी दाखवणारा काटा हळूच उठत होता, पडत होता. कुणी समजून उमजून, स्वल्पविराम सांभाळून वाचावं, तसा.

"...वायरिंग," ती मोठ्यानं म्हणाली. "जुनं वायरिंग आहे."

टक्.

हा ठोका हेडफोनमधून आला नव्हता. हेडफोन टेबलावर पडला होता. ठोका तिच्या समोरच्या टेबलावर पडला होता, आणि टेबलावर पेन्सिल नव्हती.

मग तिनं अखेरचा प्रयत्न केला. खुर्चीकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि मास्तरांसमोर उभं राहून म्हणत असे तसं खणखणीत म्हणाली, "कादंबरी ऐकली. पास!"

टक्.

आता मात्र फौजदारचं डोकं फिरलं.

"हो, नाही ऐकली! नाही ऐकली, जा!" ती ओरडली, आणि त्या फोमच्या खोलीत तिचा आवाज तोंडातून बाहेर पडताक्षणी मरत होता. "आवाज काढून घेतलाय तिचा. गळ्यात भोक पाडून काढून घेतलाय. ती भिंतीकडे तोंड करून पडते आणि मी तिथं पेन्सिल घेऊन काकांचे मामा करत बसू? आधी तिला ऐकू दे. चुका मग काढू. इतकी वर्षं तुमचं ऐकलं, मास्तर, आज नाही ऐकणार. तुम्ही मेलात तरी नाही!"

 ठोका पडला नाही. जे ती बोलली त्यात चूक नव्हती म्हणून असेल.

सहाला थोडाच वेळ होता. तिनं सरळ भिंतीतला प्लग उपटला. कंप्युटरचा पंखा घरघरत थांबला, पडदा काळा झाला. काचेपलीकडचा लाल दिवा मात्र जळतच राहिला. तिनं त्याच्याकडे पाठ केली. पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कंप्युटरची बाजू उघडली. पहिला स्क्रू हलेना. कुणीतरी पलीकडून धरून ठेवावा तसा. "धरा," ती दात खाऊन म्हणाली, "धरा किती वेळ धरताय ते," आणि दोन्ही हातांनी जोर लावला. स्क्रू सुटला. जुनी डिस्क हातात आली. ती बंद झाली होती तरी ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम होती. तिच्या जागी फौजदारनं आपली नवीकोरी डिस्क बसवली. चोरी नव्हे, अदलाबदल. मग जुनी डिस्क रुमालात गुंडाळली, ती आणि छापील कादंबरी पिशवीत घातली, आणि खुर्चीकडे न बघता दार उघडलं.

दारात साहेब उभे होते.

"झालं का उतरवून?"

"नाही. डिस्कच नेतेय. तुमच्या यंत्राला नवी घालून ठेवलीय, माझ्या खर्चानं. हिच्याहून मोठी आहे."

"अहो, असं कसं? संस्थेची मालमत्ता आहे ती."

"संस्थेच्या दृष्टीनं ती कादंबरी नाहीच, असं तुम्हीच म्हणालात. जे नाहीच ते मी नेतेय. हवं तर पिशवीला हात घाला आणि काढून घ्या, मी आहे इथं उभी."

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, तुमचा गैरसमज होतोय. मला या जुन्या आवाजांबद्दल नितांत आदर आहे."

टक्.

ठोका पिशवीतून आला. साहेब दचकले. "काय... काय वाजलं?"

"पेन्सिल," फौजदार म्हणाली. पिशवीत पेन्सिल नव्हती, तरी यावेळी काहीच वाजलं नाही.

साहेब बाजूला झाले. ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावर चांगलं ऊन होतं, मुलं सायकली फिरवत होती, कुणीतरी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतं. पिशवी खांद्याला लागत होती तिथं गरम वाटत होतं. वळणावर ती थांबली आणि पिशवीकडे मान वळवून हळूच म्हणाली, "येताय तर या. मी काही तुम्हाला घाबरत नाही." पिशवीतून आलं: टक्. ती घाईघाईनं म्हणाली, "बरं, घाबरते. पण घर माझं आहे आणि तिथं माझा कायदा चालतो, हे ध्यानात ठेवा." यावर काही वाजलं नाही.

घरी वहिनी उठून बसल्या होत्या. टेबल पुसून त्यावर दोन कप मांडून ठेवले होते, खिडकी उघडी, उजेड आत येत होता. फौजदारनं घरातला कंप्युटर लावला, त्याच केबलनं डिस्क जोडली आणि हेडफोन वहिनींच्या कानांवर हलक्या हातानं बसवला. "बघा हं, रडायचं नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच आधी रडायला लागली. मग तिनं पहिलं प्रकरण लावलं.

वहिनींनी डोळे मिटले. बराच वेळ चेहरा तसाच, दगडासारखा. मग ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ, शब्दाला शब्द लावत. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. काकांनी दार उघडलं इथं त्या थबकल्या, चेहरा आंबट केला आणि हसल्या. चूक त्यांची त्यांनाच सापडली होती. फौजदारला वाटलं, भरून पावलं. आता साहेबांनी कोर्टात खेचलं तरी चालेल.

पहिलं प्रकरण संपलं. वहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, डोळे उघडले आणि खोलीत सावकाश नजर फिरवली. मग गळ्यावर हात ठेवून, महिनोनमहिने न वापरलेल्या कुजबुजीत, त्यांनी विचारलं. नुसती हवा होती, पण शब्द कळले.

"कोण... आलंय गं?"

फौजदारनं पिशवीकडे पाहिलं. पण इतक्या महिन्यांनी बोलायला लागलेल्या माणसाला घाबरवायचं कसं?

"कोण येणार?" ती हसून म्हणाली. "आपण दोघीच आहोत."

टक्.

टेबलावर. रिकाम्या कपांच्या मधोमध. खोलीत पेपरमिंटचा वास दरवळला. वहिनी त्या जागेकडे बघत राहिल्या. त्यांनी हा ठोका ओळखला होता, याच ठोक्यानं त्यांना कधीकाळी रडवलं होतं. पण त्या घाबरल्या नाहीत. फौजदारनं टेबलाची कड घट्ट धरली, हनुवटी वर केली.

"बरं बाबा, बरं," ती म्हणाली. "खोटं नको. मास्तरही आलेत. आपण मिळून तिघं."

तिला वाटलं, संपलं. कबूल केलं, आता शांत होईल.

टक्.

 तिघं नाहीत? मग... दोघी नाहीत, तिघं नाहीत. तिनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडं, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या रिकाम्या स्टुलावर खिळली होती. ओठ पुन्हा हलायला लागले होते, त्याच लयीत, वाचल्यासारखे. पण कंप्युटरवर काहीच चालू नव्हतं. पहिलं प्रकरण संपलेलं होतं आणि दुसरं कुणी लावलं नव्हतं. वहिनी कुणाचं तरी ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता बरोबरीनं म्हणत होत्या.

मग स्टुलावरची नजर न हलवता, हळूच, लहान मुलीला मोजायला शिकवावं तसा, वहिनींनी उजवा हात वर केला. चार बोटं.

दोघी वाट बघत राहिल्या. ठोका पडला नाही.

"असतील चार," फौजदार शेवटी म्हणाली. आवाज कापत होता, पण तिनं तो कापू दिला. "पण चहा मी दोनच कप टाकणार आहे, आधीच सांगून ठेवते."

ती उठली, स्टुलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवला. मागं बाहेरच्या खोलीत कुणीतरी दुसरं प्रकरण वाचायला सुरुवात केली. आवाज वहिनींचा होता, पूर्वीसारखा स्वच्छ, जवळ, आणि या वेळी एकही ठोका पडत नव्हता.